रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे: गिरणी कामगारांच्या प्रकृतीचा कैवारी

नांदेडची उस्मानशाही मिल चालती असताना ज्यांनी पाहिली, त्यांना कामगारांच्या केसांवर, भुवयांवर बसलेला कापसाचा भुरका आठवत असेल. तो श्वासावाटे आतही जात असे. गिरणीत राबणाऱ्याच्या शरीराची झीज हा सरकारदरबारी मांडण्याचा प्रश्न आहे, हे आपल्याकडे ज्यांनी आरंभीच ओळखले, त्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

१८४८ मध्ये ठाण्यात जन्मलेले लोखंडे टपाल खात्यातून मुंबईच्या मांडवी येथील गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी तेथे जवळून पाहिले. महात्मा फुले यांचे ते अनुयायी. १८८० मध्ये त्यांनी दीनबंधु पत्राची धुरा घेतली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सभा भरवून साडेपाच हजार कामगारांचे निवेदन त्यांनी तयार केले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन आणि कायमच्या अपंगाला निर्वाहाची तरतूद, ही मागणी मात्र सुटीच्या कीर्तीपुढे झाकोळली. भरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. सुटी १० जून १८९० रोजी मान्य झाली.

या सुटीने पुढे वैद्यकालाही एक खूण दिली. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस विकारात सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती अधिक आवळते. म्हणून त्या दिवशी पाळीपूर्वी आणि पाळीनंतर श्वासाची क्षमता मोजतात. आता उद्योगांत शंभर नॅनोमीटरहून लहान कण आले आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही त्यांवर संशोधन चालते. या कणांची अशी खूण हाती नाही. अमेरिकेतील निऑश या संस्थेने २००९ मध्ये विशिष्ट तपासणी सुचवण्याइतका पुरावा नसल्याचे नमूद केले. अशा वेळी कामावर घेतानाच फुफ्फुसांची तपासणी करणे, कोण कोणत्या कणांत किती काळ होता हे लिहून ठेवणे आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासणे, एवढे तरी व्हायलाच हवे. ही नोंदच नसेल, तर लोखंडे मागत होते ती भरपाई उद्याच्या कामगाराने कशाच्या आधारे मागायची?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. रुग्णांसाठी धावपळ करीत असता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने लोखंडे यांचा बळी घेतला. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.