संत जनाबाई
संत जनाबाई (निधन : इ.स. १३५०) या वारकरी संप्रदायातील संतकवयित्री होत. त्यांचा जन्म परभणी जिल्ह्यातील गोदावरीकाठच्या गंगाखेड येथे झाला. वडिलांचे नाव दमा व आईचे करुंड असे परंपरेने सांगितले जाते. लहानपणीच वडिलांनी त्यांना पंढरपूर येथे, संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी ठेवले. दळणकांडण, पाणी भरणे, शेणी थापणे ही कामे करीत त्यांचे आयुष्य तेथेच गेले. अभंगांत त्या स्वतःला नामदेवांची दासी म्हणवितात. त्यांच्या नावावर सुमारे ३५० अभंग आहेत.

हीच दासी पुढे अनेक अद्भुत आख्यायिकांची नायिका ठरली. विठ्ठल त्यांच्यासोबत दळू लागतो. देवाचे पदक चोरल्याचा आळ घेऊन त्यांना सुळी देण्यास नेले असता सुळाचे पाणी होते. महिपतींच्या 'भक्तविजय' (१७६२) या ग्रंथातही त्यांचे चरित्र आले आहे.

या कथांत जनाबाईंना राज्य वा शस्त्र मिळत नाही. दासीपणही सुटत नाही. देवच जात्यापाशी येऊन बसतो. अद्भुतकथेत थोर पराक्रम सामान्यांच्या हातून घडण्याची रीत जगभर आढळते. विसाव्या शतकातील जे. आर. आर. टॉल्किन यांच्या कादंबरीतही जगाचे संकट ठेंगणे, घरात रमणारे हॉबिट दूर करतात. जनाबाईंचे बळ मात्र त्यांच्या रोजच्या कामातच आहे. म्हणूनच पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांना त्या आपल्यातल्याच वाटल्या आणि ओव्यांतून जनी शतकानुशतके गायिली गेली.