महाशक्तींच्या मैत्रीचा दुवा : फ्रँकलिन रूझवेल्ट

हिटलरच्या धास्तीने ब्रिटन, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकत्र आले खरे. परंतु त्यांच्यात परस्परविश्वास बेताचाच होता. ही आघाडी टिकावी म्हणून अखेरपर्यंत झटणारे नेते म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट.

३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे एका सधन घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९२१ मध्ये आजारपणाने त्यांचे पाय कायमचे अधू झाले; तरीही ते आधी न्यूयॉर्कचे गव्हर्नर आणि मार्च १९३३ मध्ये अध्यक्ष झाले. या पदावर चार वेळा निवडून आलेले ते एकमेव होत.

समोरासमोर बसून बोलले की कोणीही वळवता येतो, अशी त्यांची धारणा होती. ऑगस्ट १९४१ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ युद्धनौकांवर त्यांची चर्चिल यांच्याशी भेट झाली आणि अटलांटिक सनद जाहीर झाली. तिच्यातील स्वयंनिर्णयाचे तत्त्व भारताला लागू नाही, असा खुलासा चर्चिल यांनी महिन्याभरातच केला. १९४२ मध्ये क्रिप्स शिष्टाईच्या वेळी रूझवेल्ट यांनी कर्नल लुई जॉन्सन यांना दिल्लीस पाठवले. मात्र चर्चिल संतापताच त्यांनी भारताचा आग्रह सोडला. युद्धकाळात मैत्रीला तडा जाणे त्यांना परवडणारे नव्हते.

नोव्हेंबर १९४३ मध्ये तेहरान येथे तिघे प्रथमच एकत्र आले. पश्चिम युरोपात दुसरी आघाडी उघडावी, ही स्टालिन यांची मागणी. चर्चिल यांचा ओढा भूमध्य समुद्राकडे. रूझवेल्ट सोव्हिएत दूतावासातच उतरले, स्टालिन यांना एकटे भेटले आणि चर्चिल यांच्याशी खासगी भेट त्यांनी टाळली. जुना मित्र दुखावला. पण फ्रान्सवरील स्वारीचा निर्णय पक्का झाला आणि ६ जून १९४४ रोजी तो अमलात आला.

फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेसाठी प्रकृती खालावलेली असतानाही ते क्रिमियापर्यंत गेले. जपानविरुद्ध युद्धात उतरण्याचे आणि संयुक्त राष्ट्रसंघात सामील होण्याचे आश्वासन त्यांनी स्टालिन यांच्याकडून मिळवले. पोलंडमध्ये मुक्त निवडणुका घेण्याचेही ठरले, परंतु तो देश तेव्हा लाल सेनेच्या ताब्यात होता. काही आठवड्यांतच तेथील सरकारवरून खटके उडू लागले. इटलीतील जर्मन सैन्याशी पाश्चात्त्य राष्ट्रे परस्पर तह करत आहेत, असा संशय स्टालिन यांनी घेतला, तेव्हा रूझवेल्ट यांनी कडक शब्दांत नाराजी कळवली.

१२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. जर्मनीची शरणागती त्यानंतर महिन्याभरातच आली. परराष्ट्रव्यवहाराच्या नाड्या त्यांनी स्वतःच्या हाती ठेवल्या होत्या. उपाध्यक्ष ट्रुमन यांना त्यांतले फारसे ठाऊक नव्हते. संयुक्त राष्ट्रसंघ उभा राहिला, पोलंडमधील मुक्त निवडणुका मात्र कागदावरच राहिल्या. व्यक्तिगत स्नेहावर उभारलेले राजकारण युद्ध जिंकून देऊ शकले. त्या व्यक्तीमागे शांतता सांभाळण्याचे बळ त्यात उरले नाही.