विश्लेषण : लंडनहून आलेली तलवार कोणत्या रघूजींची?

एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावातून राज्य सरकारने एक तलवार मिळवली. सर्व खर्च धरून सुमारे 47 लाख रुपये लागले. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ही तलवार नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले पहिले यांची, असे सरकारने जाहीर केले.

हे ठरले कशावरून? पाते सरळ, एकधारी आणि युरोपात घडवलेले. अशी पाती व्यापारातून इकडे येत आणि त्यांना देशी मूठ बसवली जाई, म्हणून तलवारीचे नाव फिरंग. पात्यावर देवनागरीत रघूजींचे नाव आणि सेनासाहेब सुभा ही पदवी सोन्यात कोरली आहे. यातून धनी कळतो, घडवणारा नाही.

रघूजींचा जन्म 1695 चा. काका कान्होजी भोसले यांच्याकडे ते वाढले, पुढे त्यांच्याशीच बिनसले. छत्रपती शाहूंनी कान्होजींचे पद रघूजींना दिले. 1740 मध्ये कर्नाटकच्या स्वारीत अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेब कैद झाला. 1742 पासून बंगालवर स्वाऱ्या सुरू झाल्या. सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना अलिवर्दीखानाने 1744 मध्ये भेटीला बोलावून दग्याने मारले, तरी रघूजी हटले नाहीत. 1751 च्या तहात ओडिशा आणि वर्षाला 12 लाखांची चौथाई पदरात पडली. 1755 मध्ये ते वारले.

खरी मेख पुढे आहे. नातवाचे नावही रघूजी आणि पदवीही तीच! जालना जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंद्यांसोबत वेलस्लीसमोर उभे होते ते हे दुसरे रघूजी. डिसेंबरमध्ये देवगावच्या तहात आजोबांनी मिळवलेला कटक प्रांत त्यांना इंग्रजांना द्यावा लागला. म्हणजे नुसत्या नाव-पदवीवरून आजोबा की नातू, हे सुटत नाही. त्यासाठी मुठीची घडण, सोनेकाम आणि अक्षरांचे वळण त्या काळच्या इतर शस्त्रांशी ताडून पाहावे लागते.

1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या खजिन्याची लूट झाली. तलवार तेव्हाच बाहेर गेली असावी, असा अंदाज आहे.