खाशाबांचा खुराक

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ जगाला दाखवून आले, तेव्हा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी खाशाबा दादासाहेब जाधव दहा वर्षांचे होते. १५ जानेवारी १९२६ चा त्यांचा जन्म. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे लाल माती घरातच होती. अकोला-अमरावतीचा आखाडा असो की कोल्हापूरची तालीम, पैलवानाचा खुराक साधारण सारखाच : दूध, तूप, बदाम आणि खसखस, बडीशेप, मिरी घालून घोटलेली थंडाई. ताकदीचे जे काही असे, ते स्वयंपाकघरातूनच येई.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडनला गेले. मॅटवरच्या कुस्तीचा सराव नसतानाही ते फ्लायवेट गटात सहावे आले. पुढच्या ऑलिम्पिकसाठी पैशांची वानवा होती. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असा प्राचार्य विरळाच. हेलसिंकीत बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना खाशाबांनी हरवले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती लांबली व ते हरले. लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद ममेदबेकोव्हपुढे उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती. पण ती मागायला एकही भारतीय पदाधिकारी जागेवर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक गळ्यात पडले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

त्याच वर्षी ओस्लोच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्पीड स्केटिंगच्या खेळाडूंच्या खोल्यांत इंजेक्शनच्या सिरिंजा आढळल्या होत्या. तरीही ऑलिम्पिकमध्ये उत्तेजकांची तपासणी १९६८ साली सुरू झाली. त्यात पहिला सापडला तो स्वीडनचा लिल्येनवॉल, आणि तोही मद्यामुळे. नेमबाजीपूर्वी दोन बिअर घेतल्याचे त्याने सांगितले. नियमाने पहिला हात घातला तो असा रोजच्या पेल्यातच.

खाशाबांच्या पिढीची थंडाई आजच्या मल्लाने मात्र जपून प्यावी. खसखशीच्या दाण्यांना अफूच्या चिकाचा अंश लागलेला असतो. तो पोटात गेला, की लघवीत मॉर्फिन दिसू शकते, आणि एका मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅम ही त्याची स्पर्धाकाळातली मर्यादा आहे. भांग घातलेल्या थंडाईचा अंश तर कित्येक दिवस शरीरात राहतो. पालकातल्या एक्डिस्टेरॉनवर बंदी नाही. पण २०२० मध्ये ते निरीक्षणाखाली घेतले गेले. शरीरात काय सापडले, याची जबाबदारी खेळाडूचीच. हेतू पाहिला जातो तो शिक्षा ठरवताना, दोष ठरवताना नव्हे. ज्या मल्लाला हे नियम कोणी समजावून दिलेले नाहीत, त्याची अवस्था हेलसिंकीतल्या खाशाबांहून वेगळी नसते. त्याच्यासाठी बोलायला जागेवर कोणी नसते.

शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गावी परतलेल्या खाशाबांनी पुढे कुस्त्यांचे फड भरवले आणि खर्डेकरांचे घर सोडवून दिले. १९५५ साली ते पोलिस उपनिरीक्षक झाले. बढतीसाठी मात्र त्यांना फार वर्षे वाट पाहावी लागली. १९८३ मध्ये ते सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात गेले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

ऑलिम्पिक समितीने चहा-कॉफीतल्या कॅफीनला मर्यादा घातली, ती १९८४ मध्येच. ती २००४ साली उठली.