पायीं हिंडणारा सेनापति : लॉर्ड बेडन-पॉवेल

पाठीवर पडशी, हातांत काठी व डोक्यास रुंद कांठाची टोपी असा थाट करून बालवीरांचें पथक दूरच्या सहलीस निघालें म्हणजे रस्त्यावरील लोक क्षणभर थांबून पाहतात. मुलांस ही चाल ज्यांनीं लाविली त्या लॉर्ड बेडन-पॉवेल यांचें नांव वाचकांस ठाऊक असेलच. परंतु त्यांचें चरित्र म्हटलें कीं लढाया व पदव्या यांचीच यादी पुढें येते. आम्हांस येथें मुख्यत्वेंकरून त्यांच्या पायपिटीची हकीकत सांगावयाची आहे. लढाया जेथें टाळतां येणार नाहींत तेथेंच त्यांचा उल्लेख करूं.

रॉबर्ट यांचा जन्म ता. २२ फेब्रुवारी १८५७ रोजीं लंडन शहरीं झाला. वडील धर्मोपदेशक असून ऑक्सफर्ड विद्यापीठांत भूमितीचे अध्यापक होते. ते १८६० सालीं वारले, तेव्हां रॉबर्ट अवघा तीन वर्षांचा होता. आई हेन्रिएटा ग्रेस ही एका आरमारी अधिकाऱ्याची कन्या. पदरीं इतकीं लेंकरें असतां तिनें धीर सोडला नाहीं; आणि आम्हांस त्याहूनहि विशेष वाटतें तें हें कीं, मुलांस जपावयाचें म्हणून तिनें त्यांना घरांत कोंडून ठेविलें नाहीं. थोरला मुलगा वॉरिंग्टन आरमारांत होता. सुटी लागली कीं तो धाकट्या भावांस होडींत घालून नेई. होडीवर त्याचा शब्द म्हणजे कायदा. धाकट्यांच्या वांट्यास भांडीं घासण्याचें काम येई. एका सुटींत रॉबर्ट व त्याचे दोन भाऊ कापडाच्या घडीच्या होडींतून टेम्स नदीनें उगमाच्या बाजूस वर गेले, मग होडी उचलून टेंकड्या ओलांडून एव्हन नदींत उतरले, आणि सेव्हर्नचें रुंद पात्र पार करून वाय नदीनें वेल्समध्यें पोहोंचले. पुढें जगभर गेलेल्या बालवीर चळवळीचा पहिला धडा तो हाच, असें आम्ही समजतों.

दुसरा धडा चार्टरहाउस शाळेंतील. १८७२ सालीं ही शाळा लंडनहून गोडल्मिंग या गांवीं गेली. तेथें शाळेलगत एक झाडी होती व तींत जाण्यास विद्यार्थ्यांस बंदी होती. अर्थात् रॉबर्ट तेथेंच सांपडावयाचा! किंबहुना तो सांपडतच नसे. ससे धरावे, धूर दिसणार नाहीं इतक्या लहान विस्तवावर ते भाजून खावे, आणि शिक्षक येतांना दिसले कीं झाडावर चढून स्वस्थ बसावें. शोधणारा मनुष्य सहसा वर पाहत नाहीं, हें ज्ञान त्यास येथें झालें. (बंदी मोडण्याचा भाग आमच्या वाचकांनीं गिरवूं नये.)

ऑक्सफर्डनें त्यास घेतलें नाहीं. लष्करी परीक्षेंत मात्र त्याचें नांव इतकें वर आलें कीं १८७६ च्या अखेरीस तो घोडदळाचा अधिकारी म्हणून मुंबईस उतरला व लखनौस आपल्या पलटणींत रुजू झाला. पुढील वीस-बावीस वर्षें हिंदुस्थान व आफ्रिका यांत गेलीं. शिपायांस माग काढणें व टेहळणी करणें शिकविण्याकरितां त्यांनीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. तें १८९९ सालीं छापलें गेलें. त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंत युद्ध पेटून मॅफेकिंग या गांवास बोअर सैन्यानें वेढा दिला. तो २१७ दिवस टिकला, आणि गांव राखल्यामुळें बेडन-पॉवेल यांची कीर्ति इंग्लंडांत घरोघर झाली. तेथील कृष्णवर्णी रहिवाशांस अन्न देण्यांत न्याय झाला नाहीं असा आक्षेप पुढील इतिहासकारांनीं घेतला आहे, व त्याविषयीं त्यांच्यांत एकमत नाहीं. वाचकांनीं तो विसरूं नये. आमच्या विषयास लागून एवढेंच कीं, वेढ्यांत गांवच्या पोरांचें एक पथक निरोप पोहोंचविण्याचें काम करीत असे. मुलांवर जबाबदारी टाकिली तर तीं ती पेलतात, हें त्यांनीं तेथें पाहिलें.

ते मायदेशीं परतले तों त्यांचें शिपायांसाठीं लिहिलेलें पुस्तक शिक्षक मुलांस शिकवीत आहेत असें त्यांस आढळलें. तेव्हां प्रयोग करून पाहण्याचें ठरवून त्यांनीं १ ऑगस्ट १९०७ रोजीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांची छावणी आरंभिली. कांहीं मुलें मोठ्या खाजगी शाळांतील, तर कांहीं जवळच्या पूल व बोर्नमथ गांवांतील सामान्य घरांतील. त्यांच्या चार टोळ्या केल्या. लांडगा, बैल, कुरल्यू पक्षी व डोमकावळा हीं त्यांचीं नांवें. बंधु जॉर्ज वारल्यास नऊ वर्षें होत आलीं होतीं. त्यांचा लहानगा मुलगा डोनल्ड यास काकांनीं बरोबर आणिलें होतें. सकाळीं कुडू नांवाच्या हरणाचें पिळदार शिंग फुंकून ते स्वतः सर्वांस उठवीत. दिवसा माग काढणें, पोहणें, कणीक काठीस गुंडाळून विस्तवावर भाजणें. रात्रीं शेकोटीभोंवतीं गोष्टी. पन्नाशीस आलेला सेनापति मुलांबरोबर तंबूंत राहत होता, हें दृश्य त्या काळीं नवलाचेंच होतें.

पुढील वर्षीं बालवीरांसाठीं त्यांचें पुस्तक निघालें. त्यांत वरच्या दर्जाच्या बालवीरास एक परीक्षा सांगितली आहे. सात मैलांवरील ठिकाणीं पायीं किंवा होडी वल्हवीत जावयाचें, परत यावयाचें, व वाटेंत काय पाहिलें याचें टिपण लिहून द्यावयाचें. बस्स! आमच्यापैकीं ज्यांनीं असा चौदा मैलांचा फेरा केला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, पहिले सात मैल हंसत जातात. दहाव्या मैलाला बूट चावूं लागतो, पाण्याची बाटली रिकामी झालेली असते, आणि फाट्यावर कोणता रस्ता धरावा हें सांगावयास शेजारीं शिक्षक नसतो. टिपणांत खोटें लिहितां येतें. परंतु लिहिणाऱ्यास तें खोटें आहे हें माहीत असतें.

१९१२ सालीं त्यांनीं ऑलेव्ह सोम्स यांच्याशीं विवाह केला. वधू त्यांच्याहून बत्तीस वर्षांनीं लहान असून दोघांचा वाढदिवस एकच होता. विवाहानंतर हें दांपत्य अल्जीरियाच्या वाळवंटांत गेलें तें हॉटेलांत राहण्यासाठीं नव्हे, तंबू ठोकून हिंडण्यासाठीं. पुढें हॅम्पशायरमधील पॅक्स हिल या घरीं पीटर, हेदर व बेटी हीं तिघें मुलें वाढलीं. पण त्या घरींहि वडील निजत ते उघड्या सज्जांत. १९२९ सालीं जगांतील बालवीरांनीं त्यांस एक मोटार व तिच्यामागें जोडावयाची चाकांवरील खोली भेट दिली. बालवीरांनीं आपल्या नायकाची आवड बरोबर ओळखिली होती.

आतां एक अप्रिय गोष्ट. १९०९ सालीं आपल्या देशांत ही चळवळ आली ती युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच. सरकारास भय वाटे कीं येथील मुलें माग काढण्यास शिकलीं तर तीं बंडखोर होतील. सर्व बालवीर परस्परांचे बंधु होत, हा नियम ज्यांनीं घालून दिला त्यांनीं हें चालूं दिलें. तेव्हां मद्रासेस ॲनी बेझंट यांनीं व अलाहाबादेकडे पंडित मालवीय व कुंझरू यांनीं आपलीं पथकें निराळीं उभारिलीं. १९२१ सालीं बेडन-पॉवेल येथें आले, मुलांचीं कामें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं, आणि दार उघडलें. बेझंटबाईंचीं पथकें मूळ संस्थेंत मिळालीं, मालवीयांचीं मिळालीं नाहींत. मात्र १९३७ च्या दिल्लीच्या मेळाव्यानंतर हिंदी लोकांच्या शीलाविषयीं त्यांनीं असे उद्गार काढले कीं पुष्कळ स्वाभिमानी मंडळींनीं त्यांची संस्था सोडून निराळी हिंदुस्थानी संस्था वाढविली. आम्हांस ते उद्गार अन्यायाचे वाटतात, व थोर मनुष्याचे म्हणून ते झांकावे असेंहि वाटत नाहीं. विशेष हें कीं संस्था सोडणाऱ्यांनीं काठी, तंबू व शेकोटी सोडली नाहीं. फुटलेल्या शाखा पुढें ता. ७ नोव्हेंबर १९५० रोजीं भारत स्काउट्स व गाईड्स या नांवानें एकत्र आल्या.

१९३८ सालीं थकलेले बेडन-पॉवेल पत्नीसह केनियांतील न्येरी येथें एका लहान बंगलींत राहावयास गेले. समोर केनिया पर्वत दिसे. चालवत नसे, म्हणून ते बसल्या जागीं पशुपक्ष्यांचीं चित्रें काढीत. ता. ८ जानेवारी १९४१ रोजीं वयाच्या चौऱ्यांशींव्या वर्षीं ते वारले. पर्वतासमोरच त्यांस पुरलें असून १९७७ सालीं पत्नीच्या अस्थिहि तेथेंच ठेविल्या गेल्या. थडग्याच्या दगडावर एक वर्तुळ व त्याच्या मध्यें एक बिंदु कोरलेला आहे. बालवीर रानांतून जातांना मागून येणाऱ्या सोबत्यांसाठीं वाटेवर ज्या खुणा करून ठेवितात त्यांतील ही शेवटची. हिचा अर्थ, मी घरीं गेलों.