धारवाडचे बाळू पालवणकर : आकड्यांत न मावलेली कारकीर्द

गोव्यातून घाट चढून धारवाडला जाणाऱ्यांना सप्तापूरची विद्यार्थ्यांनी गजबजलेली वस्ती परिचित आहे. भारतीय क्रिकेटमधील पहिले थोर फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर यांचा जन्म याच धारवाड शहरात १९ मार्च १८७६ रोजी झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

पालवणकर हे मराठी भाषक चर्मकार कुटुंब. वडील लष्करी सेवेत असल्याने बाळूंचे बालपण पुण्यात गेले. इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये चार रुपये मासिक वेतनावर ते खेळपट्टीची निगा राखू लागले. तिथे ते गोऱ्या अधिकाऱ्यांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकत. त्यांत जे. जी. ग्रेग हे नामांकित फलंदाजही होते. फलंदाजीची संधी मात्र बाळूंना तिथे कधी मिळाली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना मैदानावर घेतले, पण चहापानाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई.

डावखुऱ्या बाळूंची प्रथम श्रेणी कारकीर्द सुरू झाली तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. १९०५ ते १९२१ या काळात त्यांनी ३३ सामन्यांत १५.२१ धावांच्या सरासरीने १७९ बळी मिळवले. त्यांतील ७५ बळी १९११ च्या एकाच इंग्लंड दौऱ्यातले. त्या दौऱ्यात भारतीय संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. मायदेशी वर्षाकाठी जेमतेम एक-दोन मोठे सामने होत. त्यामुळे उरलेले १०४ बळी मिळवण्यास पंधरा वर्षे लागली. पुण्यातील सरावात टाकलेल्या हजारो चेंडूंची तर कोणी नोंदच ठेवली नाही.

आकड्यांत न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कर्णधारपद. हिंदू संघात सर्वांत अनुभवी असूनही, जातीमुळे ते पद बाळूंना नाकारले गेले. १९२० साली त्यांना वगळल्यावर शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून संघ सोडला. वाद मिटल्यावर बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. ज्येष्ठ भावाने ज्यासाठी आयुष्य वेचले, ते धाकट्याच्या पदरात पडले.

इंग्लंडहून परतल्यावर बाळूंचा मुंबईत सत्कार झाला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे सांगतात. १९३७ च्या निवडणुकीत हेच दोघे परस्परांविरुद्ध उभे राहिले आणि बाबासाहेब विजयी झाले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

क्रिकेटच्या इतिहासात त्यांच्या नावापुढे १७९ ही संख्या राहिली आहे. ती त्यांच्या गुणवत्तेची साक्ष देते, तशीच त्यांना न मिळालेल्या सामन्यांचीही.