विश्लेषण : बारावीचा ‘चेन रूल’ आणि भास्कराचार्यांचा चंद्र, ११५० सालच्या ग्रंथात नेमके काय आहे?

कर्जतहून सुटलेली गाडी बोरघाट चढू लागली की खिडकीतून येणारा वारा गार होत जातो. हवा दर मिनिटाला किती अंशांनी गार होते, हे थर्मामीटर न लावता काढता येईल का? येईल. त्यासाठी बारावीच्या गणितातला चेन रूल पुरतो. तळेगाव, कामशेत, लोणावळ्याहून लोकलने क्लासला जाणाऱ्या अनेक मुलांचे मार्क याच नियमात जातात. दुसरीकडे, हा नियम भास्कराचार्यांनी न्यूटनच्या आधी शोधला, असा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत असतो. त्यात किती तथ्य आहे? हे समजून घ्यायला आधी नियम आणि मग भास्कराचार्यांचे आयुष्य पाहू.

चेन रूल म्हणजे काय?

घाटात तापमान उंचीवर अवलंबून असते आणि उंची वेळेवर. दर १,००० मीटर चढल्यावर हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे मीटरमागे ०.००६५ अंश. समजा, गाडी मिनिटाला १० मीटर उंची गाठते. मग दर मिनिटाला तापमान ०.००६५ गुणिले १०, म्हणजे ०.०६५ अंशाने उतरते. पन्नास मिनिटांत सव्वातीन अंश. आपण दोन बदलांचे दर गुणले, इतकेच. एक राशी दुसरीवर आणि दुसरी तिसरीवर अवलंबून असेल, तर साखळीतल्या प्रत्येक कडीचा दर गुणायचा. एका फंक्शनच्या पोटात दुसरे फंक्शन असले की विकलन असेच करतात.

भास्कराचार्य कोण होते?

आपला जन्म शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ चा, असे त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवले आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. ते नेमके कुठले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख असल्याने अनेकांचा कल त्या परिसराकडे आहे.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पहिल्या भागात अंकगणित आणि भूमिती, दुसऱ्यात बीजगणित, तर उरलेल्या दोन भागांत खगोलशास्त्र आहे. पुढे ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगाच्या गणितासाठीचा सोपा ग्रंथ रचला.

चंद्राचे गणित का अडत होते?

चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी संपते. चंद्र दिवसाला सरासरी १३.२ अंश सरकतो, सूर्य सुमारे १ अंश. पण चंद्राची चाल रोज सारखी नसते. सरासरी गती धरली आणि तिथी संपायला ६ अंश उरले असतील, तर उत्तर येते ११ तास ४८ मिनिटे. चंद्र वेगात असेल आणि दिवसाला १४.३ अंश चालत असेल, तर तीच तिथी १० तास ५० मिनिटांत संपते. जवळपास एका तासाचा फरक. पंचांग किंवा ग्रहणाची वेळ सांगणाऱ्यासाठी ही चूक मोठी होती.

कालचे स्थान आणि आजचे स्थान यांची वजाबाकी करून मिळणारी गती ढोबळ असते, हे भास्कराचार्यांनी स्पष्ट केले. त्या क्षणाची जी गती, तिला त्यांनी तात्कालिक गती म्हटले. चंद्रासाठी आणि तिथीचा शेवट जवळ असताना हीच गती वापरावी, असे त्यांनी सांगितले.

ही गती त्यांनी कशी काढली?

चंद्राच्या सरासरी स्थानाला एक दुरुस्ती द्यावी लागते. ती जास्तीत जास्त सुमारे ५ अंशांची असते आणि एका कोनाच्या ज्येवर, म्हणजे आजच्या भाषेत साइनवर, अवलंबून असते. हा कोन स्वतः दिवसाला सुमारे १३ अंशांनी बदलतो. म्हणजे दुरुस्ती कोनावर आणि कोन वेळेवर. घाटातलीच साखळी.

भास्कराचार्यांची रीत अशी : कोनाची कोटिज्या, म्हणजे कोसाइन घ्यायची आणि तिला कोनाच्या रोजच्या गतीने गुणायचे. कोसाइन १ असताना ५ गुणिले १३ भागिले ५७ (अंशांचे रेडियन करण्यासाठी) केले, की दिवसाला सुमारे १.१४ अंशाचा फरक येतो. तो १३.२ मध्ये मिळवला तर सर्वांत जलद गती १४.३ अंश, वजा केला तर सर्वांत मंद गती सुमारे १२ अंश. दुरुस्ती सर्वांत मोठी असते तेव्हा तिचा बदलाचा दर शून्य असतो, हेही त्यांनी ओळखले होते. आज कमाल आणि किमान किमती शोधताना विद्यार्थी हीच गोष्ट वापरतात.

मग चेन रूल त्यांनीच शोधला का?

तसे म्हणणे बरोबर होणार नाही. कोटिज्येने गुणण्याची रीत दहाव्या शतकातल्या मुंजालाच्या ग्रंथातही सापडते. भास्कराचार्यांनी तात्कालिक गतीची कल्पना स्पष्ट केली. पण कोणत्याही फंक्शनला लागू पडणारा सर्वसाधारण नियम त्यांनी मांडला नाही. त्यांच्यासमोर चंद्र आणि ग्रह होते. युरोपात हा नियम लायब्निझच्या १६७६ च्या टिपणात दिसतो, आणि तिथे त्याच्याही हातून एका चिन्हाची चूक झाली होती.

हा वाद जुनाच आहे. काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवणारे मराठी गणिती बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये लेख लिहून भास्कराचार्यांना डिफरन्शियल कॅल्क्युलस ठाऊक होते, असा दावा केला. इंग्रज गणिती स्पॉटिसवूड यांनी १८६० मध्ये उत्तर दिले. भास्कराचार्यांचे काम मोठे आहे, पण पूर्ण कॅल्क्युलस म्हणता येणार नाही, असा त्यांचा सूर होता. व्हॉट्सअॅपवरचा मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढे लक्षात ठेवायला हवे.

त्यांच्यानंतर काय झाले?

मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी होता. नातू चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चांगदेवाने पाटण येथे मठ काढला. १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. लेखातला दानाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला.

लीलावती ही त्यांची मुलगी होती आणि घटिकापात्रात मोती अडकल्याने तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. पण ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली.

विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे?

साइन २एक्सचे विकलन विचारले की अनेक जण कोसाइन २एक्स लिहून मोकळे होतात. इंजिनिअरिंगला जाईपर्यंत मीही तेच करायचो. बाहेच्या फंक्शनचे विकलन झालेले असते, पण आतले २एक्स ज्या दराने बदलते तो २ गुणायचा राहतो. बरोबर उत्तर २ कोसाइन २एक्स. भास्कराचार्यांनी कोटिज्येवरच थांबून कोनाची गती गुणली नसती, तर त्यांच्या चंद्राची गती साफ चुकली असती. पेपर देण्याआधी प्रत्येक उत्तराला एकच प्रश्न विचारा : आतली कडी गुणली का?